गावचं नाव कापायच्या आधी मशीनवर कार्ड बघा

प्रश्न एका ताईंचा आहे. मूळच्या बीड जिल्ह्यातल्या, सासर ऊसतोड करणारं. सहा वर्षांपासून नवरा-बायको पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतात. त्या चार घरची धुणीभांडी करतात, नवरा गवंड्याच्या हाताखाली जातो. मुलं दोन, एक आठ वर्षांचं, एक चार वर्षांचं. रेशनकार्ड केशरी, गावाला, सासऱ्यांच्या नावावर. त्यावर सासू-सासरे, दीर, हे दोघं आणि मोठा मुलगा अशी सहा नावं. धाकट्याचं नाव अजून चढलेलं नाही. एक एजंट म्हणतो, गावची नावं कमी करून दाखला आणा, पुण्यात नवं कार्ड काढून देतो, तीन हजार द्या. सासरे म्हणतात, नाव कापायचं नाही. शिवाय ताईंची आई माहेरी एकटीच राहते, विधवा आहे, तिला रेशनचं काहीच मिळत नाही. ताई विचारतात, कोणाचं ऐकू?

सासऱ्यांचं ऐका. निदान या घडीला.

मी पुरवठा शाखेत कारकून म्हणून लागलो आणि पुरवठा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. आता शनिवारी वस्तीतल्या समाजमंदिरात बसून लोकांची कार्डं बघून देतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की डोक्यात बसली आहे: या खात्यात नाव कमी होणं पक्कं असतं, नाव चढणं पक्कं नसतं. चालत्या एसटीत जागा मिळालेली असताना उतरायचं आणि मागून येणारी गाडी रिकामी असेल असं धरून चालायचं, तसा हा प्रकार आहे.

मुळात कार्ड आणि धान्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. कार्डाचे तीन रंग महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून आले. वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळं, त्यावर १ लाखापर्यंत केशरी, १ लाखाच्या वर शुभ्र. पिवळ्या कार्डाच्या अटींत घरी टेलिफोन नसावा अशीही एक अट होती. आज ती वाचली की हसू येतं, पण तेव्हा आम्ही खरोखर घरोघर जाऊन फोनची तार आहे का ते बघत होतो. पुढे २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला, १ फेब्रुवारी २०१४ पासून तो महाराष्ट्रात लागू झाला आणि रंगाचं महत्त्व जवळजवळ संपलं. आता धान्य मिळतं ते दोनच गटांना. एक अंत्योदय, ज्यात कार्डामागे महिन्याला ३५ किलो. दुसरा प्राधान्य कुटुंब, ज्यात माणशी महिन्याला ५ किलो. सुरुवातीला तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे.

केशरी कार्डवाल्यांतले काही प्राधान्य गटात घेतले गेले, बरेच बाहेर राहिले. म्हणून एकाच चाळीत दोन केशरी कार्डं असतात, एकाला धान्य मिळतं, दुसऱ्याला नाही, आणि दुसरा दुकानदाराशी भांडत बसतो. दुकानदाराच्या हातात त्यात काही नसतं.

बाहेर का राहिले? कायद्यानं प्रत्येक राज्याला किती माणसांना धान्य द्यायचं याचा आकडा बांधून दिला. आमच्या भाषेत त्याला इष्टांक म्हणतात. महाराष्ट्राचा इष्टांक ७ कोटी १६ हजार आहे, म्हणजे ग्रामीण भागातले ७६.३२ टक्के आणि शहरी भागातले ४५.३४ टक्के लोक. हे टक्के २०११च्या जनगणनेवर काढलेले. त्यानंतर पुण्याच्या भोवती किती वस्त्या उभ्या राहिल्या ते तुम्ही स्वतः बघता आहात, पण आकडा तोच. तो जिल्ह्याला, तालुक्याला, शहरात परिमंडळाला, म्हणजे रेशनच्या विभागीय कार्यालयाला, वाटून दिलेला असतो. जागा भरलेली असेल तर तुम्ही शंभर टक्के पात्र असूनही यादीत चढत नाही. कोणी वारलं, कोणी परगावी गेलं, कोणाचं नाव पडताळणीत उडालं की जागा होते. शहरात टक्काच कमी, त्यात माणसांची रीघ, म्हणून तिथे वाट बघण्याची पाळी जास्त येते.

आता उत्पन्नाचं बोलू. एजंट हे सांगणार नाही. प्राधान्य गटासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये आहे. ५९ हजारांचे महिन्याचे होतात पाच हजारांच्या आत. तुम्ही चार घरं करता, प्रत्येक घराचे दीड हजार धरले तरी तुमच्या एकटीचेच वर्षाला ७२,००० झाले, नवऱ्याची रोजंदारी अजून धरलेलीच नाही. किमान वेतनावर पूर्ण महिना काम करणारा एकटा माणूससुद्धा ही मर्यादा ओलांडतो. मर्यादा कायदा आला तेव्हा ठरली आणि तिथेच थिजली. माझ्या मते ती चुकीची आहे, आणि नोकरीत असतानाही मी बैठकांत हे बोललो. पण आज पुण्यात नवा अर्ज केलात आणि खरं उत्पन्न लिहिलंत, तर तुम्हाला केशरी कार्ड मिळेल, धान्य मिळणार नाही. एजंट यावर म्हणेल, पंचेचाळीस हजार लिहू. तो अर्ज स्वयंघोषणेवर असतो, खाली सही तुमची असते, त्याची नसते. अपात्र कार्डं शोधायच्या मोहिमा अधूनमधून निघतात, तेव्हा एजंटाचा फोन लागत नाही.

मग गावच्या यादीतही राहायचा हक्क आहे का, असं तुमच्या मनात येईल. ते कुटुंब गावाकडच्या परिस्थितीवर निवडलं गेलं आहे आणि निवड रद्द होईपर्यंत ती कायम असते. पडताळणीचा कागद आला तर त्यात जे खरं आहे तेच लिहा, लपवू नका. पण कोणी विचारलेलं नसताना, एजंटाच्या सांगण्यावरून स्वतःहून नाव कापून घेणं यात शहाणपण नाही.

असं एक घर माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिकडे परभणीकडचं, पाच माणसांचं. शाळेच्या प्रवेशाला पत्ता पुण्याचा हवा म्हणून त्यांनी गावची नावं कमी करून घेतली. तिथल्या कार्यालयानं दाखला त्याच दिवशी दिला. इथे केशरी कार्ड झालं, पण प्राधान्य यादीत जागा नाही. दोन वर्षं ती बाई दर महिन्याला विचारायला यायची. महिन्याचे पंचवीस किलो गेले ते गेलेच. आणि शाळेला शेवटी भाडेकरारच चालला!

तेव्हा पहिलं काम, तुमचं कार्ड नेमकं कशात आहे ते बघा. रंगावर जाऊ नका, धान्य मंजूर असल्याच्या शिक्क्यावरही पूर्ण विश्वास नको, कारण जुन्या कार्डावर शिक्का असतो आणि संगणकात नाव नसतं. कार्डाला बारा अंकी नंबर असतो. सासऱ्यांकडून फोटो मागवून घ्या. तो घेऊन कुठल्याही रास्त भाव दुकानात जा आणि अंगठा लावायच्या पॉस मशीनवर बघायला सांगा, किंवा मोबाईलवर ‘मेरा राशन’ अॅप घेऊन आधारच्या ओटीपीनं उघडा. त्यात कार्डाचा प्रकार, नावं, किती धान्य मंजूर आहे आणि कोणत्या महिन्यात किती उचललं, सगळं दिसतं.

चारपैकी काहीतरी एक निघेल. अंत्योदय किंवा प्राधान्य निघालं तर उत्तम, पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे. नुसतं केशरी, धान्याशिवायचं निघालं, तर गावाला ठेवा नाहीतर इथे आणा, धान्याच्या दृष्टीनं फरक पडत नाही. मग पुण्यात वेगळं कार्ड काढायला माझी हरकत नाही. चौथा प्रकार तुमच्या भागातला खास आहे. मराठवाड्याचे आठ जिल्हे, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना वेगळ्या योजनेतून धान्य मिळायचं. २०२३ पासून त्यांना धान्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये बँकेत जमा होऊ लागले, पुढे ते १७० झाले. तुमच्या सासऱ्यांच्या नावावर सातबारा असेल तर कार्ड यात असू शकतं. तसं असेल तर पुण्यात अंगठा लावून धान्य मिळणार नाही. पैसे येतात ते कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यावर, म्हणजे सासूबाईंच्या. त्यांच्या पासबुकात नोंदी आहेत का ते बघायला सांगा. खातं आधारला जोडलेलं नसलं की पैसे अडकतात, आणि घरात कोणाला पत्ताही नसतो.

कुटुंबप्रमुखाचं निघालंच आहे तर सांगतो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई ही कार्डाची प्रमुख असते. तुम्ही लिहिलंय की कार्ड सासऱ्यांच्या नावावर आहे. छापील कार्डावर तसं असेलही, संगणकात बहुधा सासूबाईंचं नाव असेल. नसेल तर ते दुरुस्त करून घ्या.

समजा कार्ड प्राधान्य गटात निघालं. सहा माणसांचे ३० किलो. यातलं तुमच्या तिघांचं १५ किलो तुम्ही पुण्यातच उचलू शकता. त्यासाठी अर्ज नाही, दाखला नाही, एजंट तर नाहीच नाही. २०१९ साली महाराष्ट्र आणि गुजरात, आंध्र आणि तेलंगण अशा जोड्यांपासून ‘एक देश एक रेशनकार्ड’ सुरू झालं, आता ते देशभर आहे. राज्यातल्या राज्यात तर कुठलंही दुकान चालतं. ऊसतोडीला बेळगाव, विजापूरकडे जाणाऱ्या टोळ्यांनी ही सोय वापरायला हवी, पण वापरणारे मला फार थोडे भेटले. कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, कणगीत घालून गावचं धान्य नेतात, दिवाळीनंतर ते संपतं, मग मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांतून दुकानाचं पीठ.

यात एक मेख आहे. कार्डावरच्या कुठल्याही एकाचा अंगठा लागला की पूर्ण कार्डाचं धान्य निघतं. सासऱ्यांनी पाच तारखेला तीस किलो उचललं तर तुमच्यासाठी मशीनमध्ये शून्य. याला चोरी म्हणता येत नाही, कुटुंब एक, कार्ड एक. म्हणून घरात बोलून ठरवा. सासऱ्यांनी दुकानदाराला सांगायचं, मला पंधराच द्या. मशीनवर अर्धवट उचल करता येते, हे गावच्या दुकानदाराला माहीत असतं. तो ‘सगळं घ्या नाहीतर काही नाही’ म्हणाला तर ते खोटं आहे. आणि गावी म्हाताऱ्या माणसांना ते धान्य खरोखर पुरत नसेल, तर तुमच्या वाटचंही त्यांना राहू द्या. कागदोपत्री योजना कशाही असोत, सासऱ्यांचा ‘नाव कापू नका’चा आग्रह कशापायी आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पुण्यातला दुकानदार म्हणेल, “तुमचा कोटा माझ्याकडे येत नाही.” हे अर्धं खरं असतं. त्याला माल येतो तो त्याच्या जोडलेल्या कार्डांवर आणि आधीच्या उचलीवर. बाहेरचे ग्राहक महिनाअखेरी आले की त्याच्या पोत्यात काही उरलेलं नसतं. म्हणून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जा, आणि शक्यतो दर महिन्याला त्याच दुकानात जा, म्हणजे दोन-तीन महिन्यांत त्याची मागणी वाढलेली दिसते. तरी नाकारलं तर १९६७ वर फोन करा, परराज्यात असाल तर १४४४५. तक्रार नंबर लिहून घ्यायला विसरू नका. दुकानदार सगळेच चोर असतात असं मी म्हणणार नाही. त्यांचं कमिशन क्विंटलमागे बांधलेलं असतं, गोदामातून येणाऱ्या पोत्यात तूट असली तरी ती त्यांच्या गळ्यात, आणि सर्व्हर बंद पडला की शिव्या त्यांनाच. पण वजनात मारणारेही पुष्कळ पाहिले आहेत. उपाय एकच, पावती. मशीनमधून निघते ती मागून घ्या आणि तिच्यावरचा किलोचा आकडा पिशवीशी जुळवा. पावतीवर पंधरा आणि पिशवीत तेरा असेल तर तिथल्या तिथे बोला. घरी गेल्यावर काही सिद्ध होत नाही.

अंगठ्याचा त्रास तुम्हाला होणार, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. भांड्यांची पावडर आणि सिमेंट, दोन्ही बोटांच्या रेषा खातात. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांत अशा तिघी-चौघी असतातच. जायच्या आधी दोन दिवस हातांना तेल लावा, बोटं कोमट पाण्यानं धुऊन कोरडी करा, आणि एकच अंगठा न रेटता दहाही बोटं लावून बघा. त्यानं झालं नाही तर डोळ्यांचं स्कॅनर किंवा ओटीपी असतो. ओटीपीसाठी आधारला मोबाईल जोडलेला हवा. आणि आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्यानं द्या. हा थोडा खर्चाचा आणि रांगेचा मामला आहे, पण वर्षभराची कटकट जाते. आधार नाही किंवा जुळत नाही एवढ्याच कारणानं पात्र माणसाला धान्य नाकारू नये, नाव कापू नये, असं केंद्राच्या अन्न विभागानं २४ ऑक्टोबर २०१७ च्या पत्रानं सगळ्या राज्यांना कळवलेलं आहे. हे पत्र तोंडी सांगितलं तरी समोरच्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

ई-केवायसीसाठी, म्हणजे कार्डावरच्या माणसाची आधारवरून ओळख पटवायला, गावी जायची गरज नाही. कुठल्याही दुकानात होते, चेहरा दाखवून मोबाईलवरही होते. कार्डावरच्या प्रत्येकाची वेगळी करावी लागते, सासऱ्यांनी केली म्हणजे तुमची झाली असं नाही. मोठ्या मुलाची होत नसेल तर बहुतेक कारण हे असतं: लहानपणी काढलेल्या आधारात मुलाचे ठसे नसतात, पाच वर्षांनंतर ते द्यावे लागतात, आणि ते दिलेलेच नसतात. आधी आधार केंद्र, मग रेशन दुकान. हा क्रम उलटा करून लोक चार-चार खेपा घालतात. जुलै २०२५ च्या केंद्राच्या आदेशानं दर पाच वर्षांनी ई-केवायसी करायची आहे, आणि सलग सहा महिने काहीच उचल नसलेलं कार्ड तात्पुरतं बंद करून तीन महिन्यांत चौकशी करायची आहे. तुमच्या घरी दर महिना उचल होत असणार, म्हणून काळजी नाही. पण ज्यांचं गाव पूर्ण सुटलंय आणि कार्ड पेटीत पडून आहे, त्यांनी एकदा तरी कुठेतरी अंगठा लावावा.

धाकट्याचं नाव चढवायला जन्माचा दाखला आणि आधार लागेल. अर्ज गावच्या तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत, किंवा राज्याच्या अन्न विभागाच्या संकेतस्थळावर तुमचं स्वतःचं खातं उघडून इथूनच करता येतो. ऑनलाइन केलात तर अर्ज क्रमांक आपोआप मिळतो. कागदावर केलात तर पोच घ्या. रेशनकार्डाची कामं लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली येतात, मुदत ठरलेली आहे आणि मुदतीत झालं नाही तर अपील करता येतं, पण हातात पोच नसेल तर मुदत मोजायची कुठून? मात्र हे लक्षात घ्या, की नाव कार्डावर चढणं आणि त्याचे ५ किलो सुरू होणं यात अंतर असू शकतं. तालुक्याच्या इष्टांकात जागा लागते. तिकडे मृतांची नावं कमी झाली की जागा होते, म्हणून सासऱ्यांना दर दोन महिन्यांनी एक चक्कर मारायला सांगा.

तोवर धाकट्यासाठी अंगणवाडी आहेच, तिथे रेशनकार्ड लागत नाही. सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलांचा आहार आणि आठवीपर्यंत शाळेतलं जेवण हेसुद्धा याच २०१३ च्या कायद्यातले हक्क आहेत. पुण्यातल्या तुमच्या वस्तीच्या अंगणवाडीत नाव घाला, पत्ता गावचा असला तरी चालतो.

थोडं धान्याबद्दल. गहू-तांदळाचं प्रमाण महिन्यागणिक बदलतं, कधी गहू जास्त, कधी तांदूळ, एखाद्या महिन्यात ज्वारीही येते. एकूण वजन बदलत नाही. तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, जरा पिवळसर, पाण्यात टाकले की तरंगतात. वस्तीत त्याला ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणतात आणि बायका निवडून फेकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ मिसळून केलेले दाणे आहेत, शंभर किलोत एक किलो या प्रमाणात मिसळलेले. फेकलेत तर नेमकं कामाचं तेवढं जातं. मराठवाड्याच्या माणसाला रोज भात जात नाही, हे मलाही कळतं. त्यातून मग तांदूळ विकायची सवय लागते. दारावर टेम्पो येतो, किलोमागे काही रुपये देऊन नेतो. सापडला तर त्याच्यावर गुन्हा होतो आणि तुमच्या कार्डावर गंडांतर येतं. त्यापेक्षा दळून आणा, ज्वारीत मिसळून भाकरी करा, धिरडी घाला, उन्हाळ्यात पापड्या करा. माझ्या बायकोनं निम्मा जन्म असाच तांदूळ मुरवला आहे.

आता आईचं. सगळ्यात जास्त आशा मला तिथेच दिसते. अंत्योदय योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली ती गरिबांतल्या गरिबांसाठी, आणि त्यात विधवा, अपंग, दुर्धर आजारी, साठीच्या पुढचे निराधार, कातकरी-कोलाम-माडिया यांसारख्या आदिम जमाती, भूमिहीन मजूर यांना जागा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २ मे २००३ च्या आदेशात यांतले बरेच गट स्पष्ट सांगितले. अंत्योदयचं धान्य माणसांवर नसतं, कार्डावर असतं: घरात एकच बाई असली तरी ३५ किलो. म्हणूनच नऊ माणसांच्या घरानं अंत्योदयसाठी हट्ट धरू नये, प्राधान्य गटात त्यांना ४५ मिळतात. राज्यात अंत्योदय कार्डावर महिन्याला २० रुपये दरानं किलोभर साखरही असते.

आईचं नाव सध्या कोणाच्या कार्डावर आहे ते आधी शोधा. बहुतेक वेळा ते भावाच्या नाहीतर दिराच्या कार्डावर निघतं, आणि तिच्या वाटचे पाच किलो त्या घरात शिजतात. तिला सांगितलेलं असतं, तुझं काही येत नाही. भांडण न करता बारा अंकी नंबर मिळवा आणि अॅपवर बघा. नाव तिथे असेल आणि धान्य येत असेल, तर तिनं स्वतः जाऊन स्वतःपुरते पाच किलो उचलावेत, सुरुवात तिथून. नाव कुठेच नसेल, तर वेगळं कार्ड आणि अंत्योदयचा अर्ज एकाच वेळी द्या: नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, तिचं आधार, उत्पन्नाचा दाखला, आणि ती वेगळी चूल मांडून राहते याबद्दल शेजारच्या दोघांचा जबाब. इष्टांक भरलाय असं उत्तर आलं तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. लेखी आलं की जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, आणि तिथे नाही झालं तर राज्य अन्न आयोगाकडे जाता येतं. या दोन्ही सोयी कायद्यानंच निर्माण केलेल्या आहेत. अर्जात ‘विधवा, एकटी, उत्पन्नाचं साधन नाही’ हे शब्द असेच लिहा. ‘परिस्थिती हलाखीची आहे’ असं मोघम लिहिलेले अर्ज मी स्वतः गठ्ठ्यानं बाजूला ठेवलेले आहेत, कारण त्यातून कोणत्या गटात बसवायचं तेच कळत नसे.

हे लांबलं, पण एक विचारायचं राहिलं. एजंटानं तुमच्या नवऱ्याकडून किंवा सासऱ्यांकडून एखाद्या कोऱ्या अर्जावर सही-अंगठा घेऊन ठेवला आहे का? नाव कमी करायच्या अर्जाला कार्डवाल्याची सही पुरते, तुम्हाला कोणी बोलावून विचारत नाही. दिलेले पैसे परत मिळोत न मिळोत, तो कागद मात्र आजच संध्याकाळी जाऊन मागून घ्या आणि त्याच्यासमोर फाडा.